जांभळी नाका, ठाणे : रानभाजी घ्यावी तर येथेच

ठाण्यात पावसाळी रानभाज्या कोठे घ्याव्यात, असे कोणी विचारल्यास मी स्थानकाच्या पश्चिमेकडील जांभळी नाक्याच्या बाजाराचे नाव सांगतो. मात्र तेथेही गाळ्यांकडे न वळता, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसणाऱ्या आदिवासी बायांकडेच जावे. त्यांच्यासमोर जे मांडलेले असते, त्यातले निम्मे आमच्या सोसायटीचा माळी तण म्हणून उपटून टाकतो.

पावसाच्या तोंडावर प्रथम शेवळे येतात. सुरणाच्या जातकुळीतील या रानटी कंदाला पानांआधी जांभळट तपकिरी फुलोरा फुटतो आणि तो फुलोराच भाजी म्हणून खाल्ला जातो. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो, म्हणून भाजीत आंबट घालावेच लागते. मी ज्यांच्याकडून घेतली त्या बाईंनी जुडीबरोबर काकडाची हिरवी, आंबट रानफळे न मागता दिली, एक शेवळ सोलून आतल्या दांड्याचा पिवळसर दाणेदार भाग कोठून खुडून टाकायचा ते दाखवले, आणि मगच पैसे घेतले. सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, घालून केलेली ही भाजी ज्याने खाल्ली आहे, तो निवडण्याच्या कष्टांची तक्रार करणार नाही.

शेवळांचा फुलोरा खाण्याचा, तर टाकळा आणि कुर्डू यांचे नेमके उलटे: रूप आले की चव गेली. पहिल्या सरींनंतर उगवलेला टाकळा मेथीसारखा कोवळा लागतो; पिवळी फुले धरली की पाने राठ होतात. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे बांधावर कितीही देखणे दिसोत, तुरा आलेली जुडी घेऊ नये. येथील बाया कोवळे शेंडेच खुडून आणतात. एका घरपोच सेवेने मला सुबक डब्यातून पाठवलेल्या टाकळ्याला चक्क कळ्या होत्या, आणि दर मात्र बाजाराहून कितीतरी चढा होता.

फोडशी गवतासारखी दिसते आणि तिच्यात खरे गवतही मिसळलेले असते, तेव्हा निवडायला वेळ हाताशी ठेवावा. कंटोळी आता कोठेही मिळतात. त्यांच्यासाठी इतकी पायपीट नको.

श्रावणापासून याच गोणपाटांवर आघाडा आणि दुर्वा दिसू लागतात, आणि भाद्रपदात गौरींसाठी तेरडा येतो. ज्यांच्याकडे तेरड्याच्या गौरी बसतात, त्यांनी मुळांसकट आणलेली जुडी मागून घ्यावी. ओलसर फडक्यात गुंडाळून नेल्यास ती पूजेपर्यंत टवटवीत राहते.

उणिवा आहेतच. वजनकाटा नसतो, वाटा विक्रेतीच्या अंदाजाने ठरतो, मुळांना चिखल असतो, आणि पाऊस कोसळू लागला की डोक्यावर धरलेल्या प्लास्टिकपलीकडे या बायांना आडोसा नाही. ठाण्यात नगरपालिका होती तेव्हापासून भरत आलेल्या बाजारात त्यांच्यासाठी छपराची एक ओळ असायला हरकत नव्हती. घासाघीस करू नये, हे माझे मत. जुडीमागे रानातली पहाटेची पायपीट असते. सकाळी लवकर जावे, सुटे पैसे आणि कापडी पिशवी न्यावी, आणि अनोळखी पाला दिसल्यास तो कसा शिजवायचा हे विचारूनच घ्यावा, कारण दुपारी गेल्यास सांगणारी बाई गावी परतलेली असते.