लघुप्रबंधाला स्वीडन घ्यावं की स्वित्झर्लंड?

दुसऱ्या महायुद्धातल्या तटस्थ देशांच्या अर्थकारणावर लिहायचं ठरलं की बहुतेकांची निवड या दोघांपाशी येऊन अडते. आधी स्वतःला विचारा, मालाचा व्यापार अभ्यासायचाय की पैशाचा? दोन्ही देशांची नस एकच होती, जर्मनीहून येणारा कोळसा. त्याच्या बदल्यात काय द्यायचं, तिथे मात्र वाटा वेगळ्या झाल्या.

स्वीडनने प्रामुख्याने लोहखनिज दिलं, वर्षाला साधारण 80 लाख ते 1 कोटी टन. इथे नुसते टन मोजण्याची चूक हमखास होते. उत्तर स्वीडनमधल्या किरुना-येलिव्हारेच्या खनिजात लोह 60 टक्क्यांच्या आसपास. जर्मनीच्या स्वतःच्या खनिजात त्याच्या निम्मंच. म्हणजे तेवढ्याच लोखंडासाठी दुप्पट खणा, दुप्पट वाहा आणि भट्टीत कोकही जास्त जाळा. तक्त्यात लोहांशाचा रकाना नसेल तर स्वीडनचं महत्त्व कळतच नाही. शेजारी नकाशाही हवा: स्वीडनचं लुलेओ बंदर हिवाळ्यात गोठतं, तेव्हा माल नॉर्वेतल्या नार्विकमार्गे जायचा. 9 एप्रिल 1940 रोजी जर्मन फौजा नार्विकमध्ये उतरल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

स्वीडनचं धोरण वाऱ्यासोबत कसं वळलं तेही तारखांनिशी दाखवता येतं. जर्मन सैनिकांना रेल्वेने ये-जा करू देणारा करार जुलै 1940 चा. तो संपवला ऑगस्ट 1943 मध्ये, स्टालिनग्राड आणि कुर्स्कमधल्या जर्मन पराभवांनंतर.

स्वित्झर्लंडने उधारी दिली. ऑगस्ट 1940 च्या करारापासून जर्मनीला क्लिअरिंग खात्यावर (दोन देशांच्या देण्याघेण्याची परस्पर वजावट करणारं खातं) मिळालेली उचल अखेर 100 कोटी फ्रँकांवर गेली. शिवाय स्विस नॅशनल बँकेने राइशबँकेकडून, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडून, सुमारे 120 कोटी फ्रँकांचं सोनं घेतलं. त्यात बेल्जियमचं लुटलेलं सोनंही होतं, वितळवून युद्धापूर्वीच्या तारखांचे शिक्के मारलेलं. आकडे घेताना बँकेने स्वतः विकत घेतलेलं सोनं आणि बर्नमध्ये इतर मध्यवर्ती बँकांच्या खात्यांवर फिरलेलं सोनं वेगळं ठेवा. एकत्र धरलंत तर बेरीज फुगते.

हाताशी एकच सत्र असेल आणि स्वीडिश येत नसेल, तर स्वित्झर्लंड घ्या. स्वित्झर्लंडच्या युद्धकाळातल्या व्यवहारांची चौकशी करणाऱ्या बर्जिये आयोगाचा 2002 चा अंतिम अहवाल इंग्रजीतही आहे, आकडे तयार मिळतात. पण परराष्ट्र धोरण का बदललं हा तुमचा मूळ प्रश्न असेल, तर थोडे जास्त कष्ट पडले तरी स्वीडनच घ्या.