क्यूब की कोअर? सिमेंट रस्ता तपासताना

कॉलनीतल्या नव्या सिमेंट रस्त्यासाठी क्यूबचा (ताज्या मालाचा साच्यात भरलेला चौकोनी ठोकळा) अहवाल मागावा की कोअर (तयार रस्त्यातून यंत्राने कापलेला गोल तुकडा) काढावा, यावर नाशिकच्या सोसायट्या अडतात.

१५० मिमीचा क्यूब स्वस्त पडतो, रस्त्यालाही धक्का लागत नाही. पण तो २८ दिवस २७ अंशांच्या आसपास पाण्यात असतो. बाहेर एप्रिलच्या उन्हात रस्ता ओला ठेवायला टाकलेलं गोणपाट दुपारीच सुकतं; म्हणून क्यूब पास होऊनही वरून भुकटी सुटते. क्यूब मिश्रणाची ताकद सांगतो, कामाची नाही.

कोअरला यंत्र लागतं, खर्च जास्त, भोकही आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने (सिमेंटचा पातळ माल) बुजवावं लागतं. मात्र जाडी, पोकळ्या, तळाशी बसलेली खडी सगळं उघड दिसतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ नुसार किमान तीन कोअर. एम४० (२८ दिवसांत ४० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं काँक्रीट) असेल तर कोअरची क्यूबच्या हिशोबात बदललेली सरासरी ताकद निदान ३४ न्यूटन प्रति चौ. मिमी, एकही ३० च्या खाली नको. चाचणीची पद्धत २०१८ पासून आयएस ५१६ भाग ४ मध्ये आहे.

पाणी किती मुरतं, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. त्याची चाचणी वेगळी.

काम चालू असेल तर क्यूब घ्या, तोही गाडीतून माल उतरताना आपल्या डोळ्यांसमोर भरलेला. रस्ता होऊन गेलाय आणि शंका आहे, तर कोअरच काढा.