‘बॉक्सिंगसाठी खास’ म्हणून विकलेला फिटनेस ट्रॅकर: माझी फसवणूक कशी झाली

बॉक्सिंग आणि मार्शल आर्ट्स करणाऱ्यांसाठी खास बनवलेला म्हणून ऑनलाइन विकला जाणारा एक ट्रॅकर मी घेतला आणि त्यात माझी सरळसरळ फसवणूक झाली. विक्रेत्याचं नाव देत नाही. तोच पट्टा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत लक्षात ठेवलेली बरी.

जाहिरातीत दावे असे होते: ग्लोव्हच्या आत घाला, प्रत्येक पंच मोजला जाईल, ठोशाची ताकद कळेल, नाडी ईसीजीइतकी अचूक मिळेल. वर रक्तदाब आणि रक्तातली साखरसुद्धा.

पहिली शंका पंचिंग बॅगवरच्या राउंडनंतर आली. दम लागून बोलता येत नव्हतं आणि ट्रॅकर नाडी ९६ दाखवत होता. ग्लोव्ह काढून मानेवर दोन बोटं ठेवली, दहा सेकंदांत २७ ठोके लागले. म्हणजे मिनिटाला १६२. पट्टा घट्ट केला, कोपराकडे सरकवला, तरी फरक तेवढाच.

एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही, हे आधी सांगते. मनगटावरचे ट्रॅकर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतात आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर परत येणारा प्रकाश कसा बदलतो त्यावरून नाडी काढतात. मूठ आवळली, हँडरॅपचा (ग्लोव्हखाली हाताला गुंडाळायच्या कापडी पट्टीचा) दाब आला, वर प्रत्येक ठोशाचा हिसका बसला की चांगल्या ट्रॅकरचाही गोंधळ उडतो. कधीकधी तो हाताच्या हालचालीचा ताल हृदयाचा समजून मोजतो. म्हणून मी विक्रेत्याला संशयाचा फायदा दिला.

मग ट्रॅकर गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधला. नाडी ७८. चांगला ट्रॅकरही निर्जीव वस्तूवर कधी आकडा दाखवू शकतो, म्हणून तेही सोडून दिलं. पण रक्तदाबाचं बटण दाबल्यावर टॉवेलचा रक्तदाब आला ११८/७६, आणि माझ्या हातावर, धापा टाकत असताना, जवळपास तोच. पंचांचंही तसंच. टाळ्या वाजवल्या तरी पंच वाढायचे. हलका जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पूर्ण ताकदीचा क्रॉस (मागच्या हाताचा), दोन्हींची ‘ताकद’ सारखीच. मनगटावरच्या सेन्सरला फक्त हाताचा वेग कसा बदलतो एवढं कळतं. ठोशामागे अंगाचा किती भार आला हे त्याला कळायला मार्गच नाही, त्यामुळे ताकदीचा आकडा फार तर अंदाज असतो. साखरेचा दावा तर धोकादायक आहे. सुई न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. मधुमेह असलेल्या कुणी त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

खरी फसवणूक पैसे परत मागताना दिसली. आधी उत्तर आलं, ‘अपडेट येणार आहे, थोडं थांबा.’ मग ‘पुन्हा जोडणी करून पाहा.’ मग व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातून व्हिडिओ. भाषा इतकी नम्र की राग यायलाही वेळ लागावा. परत करण्याची मुदत संपली आणि त्याच माणसाचा सूर बदलला: आत घाम गेलाय, वॉरंटी बाद. जाहिरातीत ‘५ एटीएम’ ठळक होतं, म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब सोसण्याची क्षमता. ती खरी असती तर घामाचं कारण पुढे करायची वेळच आली नसती. शेवटी पाच तारे देऊन चांगला अभिप्राय लिहिला तर थोडे पैसे परत देऊ, असा प्रस्ताव आला. तिथले बाकीचे कौतुकाचे अभिप्राय कसे जमले असतील, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून मुदत चालू असतानाच तपासा. बॅगचा राउंड करा, लगेच मानेवर नाडी मोजा, ताडून पाहा. चॅटवर ‘थांबा’ म्हणाले तरी परतीची रीतसर विनंती त्याच दिवशी नोंदवा. जाहिरातीचं पान आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर त्या पानावरून रक्तदाबाची ओळ गायब झाली.

वजनगटासाठी वजन उतरवणाऱ्यांनी कॅलरीच्या आकड्यापासून जास्तच जपावं. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. त्यांतल्या सर्वांत बऱ्या उपकरणाचाही कॅलरीचा अंदाज सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता, आणि त्या चाचण्यांत चालणं, धावणं, सायकल होती, बॉक्सिंग नव्हतंच. नाडी हवीच असेल तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, मनगट कितीही हललं तरी त्याला फारसा फरक पडत नाही. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव लढतीत, मात्र अंगावर काहीच नको, ना पट्टा ना घड्याळ. समोरच्याला लागतं.

कार्डाने पैसे भरले होते, म्हणून बँकेकडे वाद नोंदवला आहे. जुन्या पानाचे स्क्रीनशॉट, टॉवेलवरच्या रक्तदाबाचा व्हिडिओ आणि पूर्ण चॅट जोडलं आहे. निकाल अजून यायचा आहे.