लघवीच्या घाईवर त्वचेला लावायचा जेल: सात महिन्यांचा अनुभव

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. आमच्या खानापुरातल्या बायका सौंदत्ती, गोकाक, बदामी करून आल्या आणि मी घरातच राहिले. बेळगावला लेकाकडं जायचं म्हटलं तरी सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. कळ आली की मोरीपर्यंत पोचायच्या आत लुगडं ओलं व्हायचं. मी ६६ वर्षांची, मराठी शाळेत जन्मभर शिकवलेली बाई. पण हे कुणाला सांगायला तोंड उघडायचं नाही. एका डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "वय झालं आता." त्या वाक्यानं माझी दोन वर्षं गेली.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या दिल्या. घाई कमी झाली, पण तोंड इतकं कोरडं पडायचं की भजनात दुसऱ्या कडव्याला जीभ टाळूला चिकटायची. शौचालाही कडक व्हायला लागलं. महिन्याभरात मीच गोळ्या सोडल्या.

गेल्या सप्टेंबरात अमेरिकेत मुलीकडं गेले. तिथल्या डॉक्टरांनी तेच औषध जेलच्या रूपात दिलं. अमेरिकेत या जेलला २००९ साली मान्यता मिळाली. रोज एक पुडी, १ ग्रॅमची, तिच्यात १०० मिलिग्रॅम औषध. गोळी पोटात गेली की आतड्यात आणि यकृतात तिचं रूपांतर होतं, आणि त्यातून तयार होणारा पदार्थच तोंड जास्त कोरडं करतो. त्वचेतून गेलेलं औषध तो फेरा चुकवतं. माझं तोंड आता थोडं सुकतं, पण अभंग म्हणता येतो. मला तेवढंच हवं होतं.

लावायची पद्धत वाचताना सोपी वाटते, पण आपल्या घरात ती बसवावी लागते. पोट, दंडाचा वरचा भाग आणि खांदा, किंवा मांडी, यातली एक जागा घ्यायची, रोज बदलायची, आणि कातडी कोरडी, न खरचटलेली हवी. पोटावर लावलं तर निऱ्यांची गाठ घासते, तिथं मला लाल चट्टा उठला. म्हणून पोट सोडलं. आता एक दिवस दंड, एक दिवस मांडी. लावल्यावर तासभर अंगाला पाणी नको, म्हणून आधी आंघोळ. आणि जेलमध्ये अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत ते पेट घेऊ शकतं. माझी जुनी सवय आंघोळ झाली की थेट देवघरात समई लावायची. आता आधी दंडाला जेल लावते, हात साबणानं धुते, जेल पुरता वाळू देते, मगच काडी ओढते. गॅसचंही तसंच. आणि नातवाला कडेवर घेताना लांब बाह्यांचं पोलकं घालते, कारण अंगाला अंग लागलं तर औषध त्याच्या अंगावर जातं.

फरक लगेच दिसला नाही. पहिले दोन आठवडे मला वाटलं, मुलीचे पैसे पाण्यात गेले. शाळेच्या वहीत रोज लिहीत होते: आधी रात्री चारदा उठायची आणि दिवसातून दोन-तीनदा कपडे ओले व्हायचे. तिसऱ्या महिन्यात रात्री एकदा, फार तर दोनदा, आणि ओलं होणं आठवड्यात दोनदा. पूर्ण थांबलं नाही, अजून पॅड लागतो.

सगळं श्रेय जेलला देणार नाही. त्याच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत ७८९ माणसं होती. जेल लावणाऱ्यांचं ओलं होणं दिवसाला सरासरी ३ वेळांनी कमी झालं, आणि औषध नसलेला जेल लावणाऱ्यांचंही २.५ वेळांनी. म्हणजे निव्वळ औषधाचा वाटा अर्ध्या वेळेचा. तोंड कोरडं पडणं औषधाचा जेल लावणाऱ्यांत ७.५ टक्के, औषध नसलेला लावणाऱ्यांत २.८. हे वाचून मी वही बंद केली नाही, उलट जोर धरला. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम दिवसातून तीनदा, चहा चारावरून दोन कप, कळ आली की थोडं थांबून मग जाणं, हे सगळं सोबत चालू आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पुड्या मागितल्या. त्यांना खोकलं, शिंकलं की गळतं. तो प्रकार वेगळा, त्यावर हा जेल नाही. शिवाय त्यांच्या डोळ्यात काचबिंदू आहे. विशिष्ट प्रकारचा काचबिंदू आटोक्यात नसेल किंवा लघवी अडत असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. मी हात जोडून नाही म्हटलं आणि व्यायाम शिकवला. रागावल्या आहेत, पण करतात.

आता उन्हाची गोष्ट. चैत्र पौर्णिमेच्या गर्दीआधी एका मंगळवारी सौंदत्तीला गेले, बेळगावात बस बदलून. पॅड कोरडा राहिला. डोंगरावर मात्र दुपारी डोकं तापलं, पाय लटपटले, अंगाला घामाचा टिपूसही नव्हता. हे औषध घाम कमी करतं, त्यामुळं अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. सावलीत बसवून सोबतच्या बायकांनी ताक पाजलं, तोंडावर पाणी मारलं. आमच्या वैशाखात हे जपायलाच हवं, आणि मी अजून पाणी कमी पीत होते ही माझी चूक.

अमेरिकेतून आणलेल्या पुड्यांपैकी १९ उरल्या आहेत. पुढं काय, ते शुक्रवारी बेळगावच्या डॉक्टरांना विचारणार आहे. वही सोबत नेणार, आणि बसमध्ये खिडकीची जागा धरणार.