जावाचा कोड लिहायला कोणतं सॉफ्टवेअर, इक्लिप्स की इंटेलिजे?
दोघांचाही जन्म २००१ चा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन्ही नांदतात.

इंटेलिजे उघडलं की इंडेक्सिंग (सगळ्या कोडची सूची बनवणं) संपेपर्यंत आईचा चहा उकळून होतो, पंखा गिरणीसारखा घरघरतो. पण एकदा सुरू झालं की कोडमधलं नाव बदला, मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) वेगळी काढा, बिनघोर.

इक्लिप्सचा कंपायलर (कोड मशीनला चालवता येईल असा करणारा) स्वतःचा. सेव्ह करताच बदललेलं तेवढंच कंपाइल करतो. एका मेथडमध्ये चूक असली तरी बाकीचा प्रोग्रॅम चालवून बघता येतो. मेव्हन (लागणाऱ्या लायब्ररी आणून प्रोजेक्ट बांधणारं साधन) वापरणारा प्रोजेक्ट मात्र मधूनच रुसतो, मग ‘अपडेट प्रोजेक्ट’ची मनधरणी.

ऑफिसला इंटेलिजेच. अण्णांसाठी मार्केट यार्डातल्या हळद सौद्यांचे भाव टिपणारं स्प्रिंग बूटचं (जावाच्या तयार चौकटीवरचं) ॲप लिहितोय, ते रात्री इक्लिप्सवर. लाइट गेली तरी बॅटरी तग धरते.