नियम पाठ करायचे की नुसतं ऐकत राहायचं?

नवी भाषा शिकायला घेतलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: व्याकरणाचं पुस्तक घेऊ, की ऐकत-वाचत राहू?

आधी एक गंमत. 'घोडा'चं 'घोड्याला' होतं, पण 'राजा'चं 'राजाला'. 'राज्याला' म्हटलं की कान लगेच टवकारतात. का, ते मात्र पटकन सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी 1967 मध्ये हेच प्रयोगात दाखवलं. लोकांनी निरर्थक वाटणाऱ्या अक्षरमाळा पाठ केल्या. त्यांमागे नियम आहेत हे नंतर कळल्यावर, नव्या माळा नियमात बसतात की नाही हे ते नुसत्या अंदाजापेक्षा बरंच बरोबर ओळखू लागले. नियम विचारले तर धड सांगता येईनात!

वेळ: पुस्तकातला नियम दहा मिनिटांत कळतो. कानाला वळण लागायला महिने जातात. (1996 च्या एका प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी दोन मिनिटं ऐकून सलग उच्चारांतले बनावट शब्द वेगळे ओळखले, पण ती अख्खी भाषा नव्हे.)

बोलताना: इथे कान सरस. नियम आठवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

चुका: इथे पुस्तक. कान चुकीचंही तितक्याच निष्ठेने गिरवतो आणि कुठे चुकलं ते सांगत नाही.

परीक्षा किंवा लेखी काम तोंडावर असेल तर पुस्तक घे. गप्पा मारायच्या असतील आणि वर्षभराची सवड असेल तर ऐक, भरपूर ऐक. शिकवायचं असेल तर मात्र दोन्ही लागतील.