जेयुनिटचा बॉम: काही महिने वापरल्यावर

पणजीत पाटोवरच्या आमच्या ऑफिसात हॉटेल बुकिंगचा जावा प्रोजेक्ट चालतो. त्याच्या टेस्ट जेयुनिट या लायब्ररीवर चालतात, आणि तिच्या भागांच्या एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची तयार यादी, म्हणजे बॉम, आम्ही काही महिने वापरतोय. ऑक्टोबरात पर्यटकांचा हंगाम लागायच्या आत रिलीज काढावंच लागतं. अशा वेळी कोडमध्ये काहीच चूक नसताना फक्त लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून टेस्ट लाल झाल्या, की जीव मेटाकुटीला येतो.

मूळ दुखणं आकड्यांचं. जेयुनिट ५ मध्ये टेस्ट लिहायचा भाग ज्युपिटर ५.१२, तर त्याच्याखालचा, टेस्ट चालवणारा प्लॅटफॉर्म १.१२. रिलीज एकच, आकडे दोन. ज्युपिटर ५.१२ वर नेलं आणि बिल्ड फाइलमध्ये लाँचर (प्लॅटफॉर्मचा टेस्ट सुरू करणारा भाग) लिहिलेलाच नसला, तर आमचं बिल्डचं साधन ग्रेडल ८ स्वतःसोबत आलेला लाँचर उचलतो. तो जुना निघाला की ‘आउटपुट डिरेक्टरी प्रोव्हायडर नॉट अव्हेलेबल’ असा एरर येतो आणि एकही टेस्ट चालत नाही. ज्युपिटरचं नवं इंजिन जे मागतं, ते जुन्या लाँचरकडे नसतंच.

बॉम आणल्यापासून आवृत्ती एकाच ओळीत लिहितो. ज्युपिटर आणि लाँचर दोन्ही आकड्याविना जोडायचे, जोडी बॉम लावतो. लाँचर मात्र आवर्जून लिहा. ग्रेडल ९ तो आपणहून देत नाही. हा त्रास आमच्याकडे तेव्हापासून पूर्ण थांबलाय.

पण बॉमवर सगळं सोडून चालत नाही. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचं डिपेंडन्सी मॅनेजमेंट प्लगिन असेल, तर ते ग्रेडलमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ म्हणून जोडलेल्या बॉमला जुमानत नाही, स्वतःचीच आवृत्ती लादतं. तिथे जेयुनिटच्या आवृत्तीची प्रॉपर्टीच बदलावी लागते. कुणाची आवृत्ती का निवडली गेली हे ग्रेडलचा ‘डिपेंडन्सी इनसाइट’ टास्क लगेच दाखवतो. टीममध्ये नवीन येणाऱ्याला मी आधी तोच शिकवते.

मॉकिटो, म्हणजे टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी, या बॉमच्या कक्षेतच येत नाही. जावा २१ वर गेलो तेव्हा मॉकिटो आतून वापरतो त्या बाइट बडी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीने हात वर केले: मला २० पर्यंतचंच कळतं. मॉकिटो वाढवल्यावर तोही प्रश्न सुटला.

माझ्या मते प्रत्येक जावा टीमने हा बॉम वापरावा, छोट्या टीमने तर नक्कीच. २०२५ मध्ये आलेल्या जेयुनिट ६ ने दोन्ही आकडे एक केले, हे फार बरं झालं. त्याला किमान जावा १७ लागतं आणि आमचं एक जुनं मॉड्यूल अजून ११ वर आहे, म्हणून हा हंगाम ५.१२ वरच काढणार.